घरटी एक माणूस

ग्रामसेवक काशिनाथ तायशेटे खाजणवाडीत रुजू झाला त्याला सहा महिने झाले होते आणि एवढ्या दिवसांत त्याच्या डोक्यात एकच खूळ बसलं होतं: खाडीवर साकव, म्हणजे लहानसा पूल. बासष्ट साल सरत आलेलं. जिल्हा परिषद नुकती स्थापन झालेली, त्यामुळे रत्नागिरीहून कागदांना नुसता ऊत आलेला. काशिनाथ मूळचा फोंडाघाटचा, बाजारपेठेतल्या वाण्याचा मुलगा. अक्षर वळणदार, हिशेब पक्का आणि देवाधर्माच्या बाबतीत गडी अगदी कोरडा ठणठणीत. असा माणूस सरकारला फार आवडतो.

खाजणवाडी मालवणपासून चार कोसांवर. तीन बाजूंनी खाडीचं पाणी, चौथ्या बाजूला दलदल, मध्ये माडांच्या सावलीत अठरा घरं. शाळा, दवाखाना, बाजार सगळं पलीकडच्या काठावर. भरतीला होडी मिळायची, ओहोटीला मांडीभर चिखल. गेल्या श्रावणात लक्ष्मी नावाची एक अडलेली बाळंतीण पाण्याची वाट बघता बघता काठावरच गेली. काशिनाथ तेव्हा तिच्या डोक्यावर छत्री धरून उभा होता. ते काही केल्या त्याच्या मनातून जाईना. घरी फोंड्याला त्याची बायको जानकी होती, लग्नाला वर्ष झालेलं. तिला इथे आणायची तर आधी साकव, असं त्याने स्वतःला बजावलं होतं.

डिसेंबरात परिपत्रक आलं. पुढील वर्षाच्या कामांचा अग्रक्रम ठरवून पाठवा. चीनच्या लढाईमुळे पैशांची चणचण, तेव्हा गावाला एकच काम मिळणार, तेही लोकांनी हातभार लावला तर. खाली दोन अटी होत्या. एक, ग्रामसभेत ग्रामस्थांची गाऱ्हाणी घ्यावीत. दोन, कामावर श्रमदानासाठी घरटी एक माणूस मिळेल असं वचन घ्यावं.

आणि इथेच घोळ झाला. सरकारच्या मराठीत गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. मालवणीत गाऱ्हाणं म्हणजे देवाला हाक. घाडी म्हणजे गावाचा मानकरी उभा राहतो, देवाचं नाव घेऊन गावाचं मागणं घालतो, आणि जमलेली माणसं दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. सरपंच भिकाजीला काशिनाथने सांगितलं, रविवारी सभा, गाऱ्हाणी व्हायला हवीत. भिकाजीने मान डोलावली आणि रविवारी सकाळी अकरा वाजता काशिनाथ कागदपत्रं घेऊन पोचतो तो काय, सगळी वाडी देवळापुढच्या मांडावर, म्हणजे मोकळ्या अंगणात, बसलेली, मध्ये नारळ आणि धोंडू घाडी पंचा नेसून उभा!

काशिनाथला आधी हसू आलं, मग वाटलं, बरंच आहे की. एरवी ग्रामसभेला कुत्रं फिरकत नाही. पण एक गोष्ट त्याच्यातल्या सरकारी माणसाला खटकली. हे जिल्हा परिषदेचं काम, इतिवृत्तात देवाचं नाव कसं लिहायचं? त्याने धोंडूला बाजूला घेऊन सांगितलं, गाऱ्हाणं घाला, पण कुठल्या देवाचं नाव घेऊ नका.

धोंडू साठीचा, सावकाश बोलणारा माणूस. त्याने काशिनाथला विचारलं, "नाव नको, तर हाक मारू कोणाक?"

"सरकारला मारा. पुढच्या वर्षाचं ज्याच्या हातात आहे त्याला."

धोंडूला ते रुचलं नव्हतं, पण साकव त्यालाही हवा होता. त्याने नारळ उचलला, डोळे मिटले आणि सूर लावला. "जो कोण येत्या वर्साचो धनी आसात, तेना आयकाचा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"हे खाडयेर साकव होवंदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"आनी तेच्या बदल्यात घरटी एक माणूस तुझो, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

हे झालं, आणि एक श्वासभर उशिरा तेच "व्हय म्हाराजा" खाडीच्या अंगाने पुन्हा एकदा आलं. मोठा घोळका एका सुरात बोलावा तसं. मांडावर बसलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त गळे होते. काशिनाथने वळून पाहिलं. ओहोटी लागलेली, उन्हात चिखल चकचकत होता, माणूस म्हणाल तर एक नाही. तो म्हणाला, आवाज घुमला वाटतं. घुमायला जवळपास डोंगर तरी हवा ना! धोंडूने नारळ न फोडताच खाली ठेवला आणि एरवी प्रसादावर तुटून पडणारी माणसं त्या नारळाला वळसा घालून घरी गेली.

काशिनाथने अहवाल लिहिला तो मात्र झोकात. ग्रामस्थांनी पारंपरिक पद्धतीने घेतलेली प्रतिज्ञा म्हणून त्याने धोंडूचे शब्द शुद्ध मराठीत उतरवले: "जो कोणी येत्या वर्षाचा धनी असेल त्याने ऐकावे. घरटी एक माणूस त्याचा." वरिष्ठांना ते भलतंच पसंत पडलं. साकवाला पहिला अग्रक्रम मिळाला, आणि सरकारी काम असूनही मंजुरी पंधरा दिवसांत हातात आली.

मंजुरी आली तशी काशिनाथने जानकीला आणलं. राधाबाईच्या घराची पडवी भाड्याने घेतली, कोपऱ्यात जानकीने स्वतःच्या हाताने चूल घातली. होळीच्या सुमारास तिला दिवस गेले. काशिनाथला आभाळ ठेंगणं झालं. तो रोज कामावर जायचा आणि मनात म्हणायचा, हिच्या वेळेला साकव तयार असेल.

गुढीपाडव्यानंतर पहिला चिरा बसला, त्याच आठवड्यात सरपंच भिकाजीचा भाऊ गेला. गलबतावर होता, मुंबईहून येताना कुठे पाण्यात पडला कुणाला कळलंच नाही. मग राधाबाईची सून तापाने गेली. बाबली खारव्याचा बाप झोपेत गेला, त्याचं वय झालेलंच होतं. आनंदीबाईचा थोरला पान लागून, म्हणजे साप चावून, गेला. एकेक मरण घेतलं तर त्यात आश्चर्य करण्यासारखं काही नव्हतं. माणसं मरतात. कोकणात तर साप, ताप आणि पाणी यांची कधी वानवा नाही.

काशिनाथकडे जन्ममृत्यूची नोंद असायची. गणपतीनंतर एका दुपारी ती नीट करताना त्याच्या लक्षात आलं की सोळा घरांतून सोळा माणसं गेली आहेत. कुठल्याच घरातून दोन नाहीत. राधाबाईच्या घरात पाचजणांना तोच ताप आलेला, त्यांतले चौघे खडखडीत बरे झाले. त्याने लेखणी खाली ठेवली. आपण शिकलेसवरलेले आहोत, हे त्याने स्वतःला दोनदा सांगितलं.

दसऱ्यानंतर काम पुन्हा सुरू झालं. मुकादम होता लवू, पलीकडच्या गावचा. तो काशिनाथला म्हणाला, तुमची माणसं राबतात हो, दहा जणांत तीस जणांचं काम उठतं. काशिनाथ बांधावर गेला. सकाळचे दहा वाजलेले, स्वच्छ ऊन. चिखलात माणसांची लांब रांग उभी राहून एकमेकांच्या हाती चिरे देत होती. त्याने सहज मोजली. सत्तावीस भरली. पुन्हा मोजली, सत्तावीसच.

तो खाली उतरून जवळ गेला. दहा माणसं होती. मधे मधे जागा सोडून उभी. चिरा मात्र त्या मोकळ्या जागांतूनही पुढे जात होता. कसा, ते काशिनाथला समोर उभं राहूनही दिसलं नाही. पापणी लवली की चिरा पुढच्या हातात असायचा.

तो तसाच धोंडूकडे गेला. धोंडू एकटाच ओट्यावर बसला होता. त्याच्या घरात तो आणि त्याची म्हातारी बहीण हौसाबाई, दोघंच. काशिनाथने विचारलं, हौसाबाई कुठे आहेत?

"आताच गेली. भाकरी थापता थापता." धोंडूच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "काल शेजारच्या भिवाकडचा झाला, आज माझ्याकडचा. अठरा झाली."

काशिनाथ त्याच्याजवळ बसला. भीती वाटते, हे त्याने सरळ कबूल केलं. म्हणाला, धोंडूभाऊ, ते गाऱ्हाणं मागे घ्या. काय लागेल ते मी देतो.

"नाव घेवन घातलेला गाऱ्हाणा नाव घेवन फिरवता येता. तुमी नाव घेवक दिलास नाय. आता कोणाक सांगू, परत फिर म्हणान?"

"पण आता अठरा झाली ना? वाडीत घरं अठराच."

धोंडूने मान वर केली. त्याला काशिनाथची दया आली असावी.

"घरां अठरा. चुली एकोणीस."

काशिनाथ धावतच पडवीत आला. जानकीला आठवा महिना लागला होता; ती तांदूळ निवडत बसली होती. त्याने तिला काहीएक सांगितलं नाही. तासाभरात बोचकं बांधलं, होडीने पलीकडे नेलं आणि संध्याकाळच्या आत फोंड्याच्या एस.टी.त बसवून तिच्यासोबत घरी गेला. दुसऱ्या दिवशी एकटा परतून त्याने ती चूल कुदळीने फोडली, माती खाडीत टाकली आणि राख झाडून काढली. मग बदलीचा अर्ज केला. कणकवलीची कचेरी मिळाली. साकव पुरा झाला तेव्हा तो तिकडे होता. उद्घाटनाचं बोलावणं त्याने फाडून टाकलं.

कार्तिकात मुलगा झाला. बाळबाळंतीण सुखरूप. काशिनाथ दर शनिवारी फोंड्याला जायचा आणि दर सोमवारी कणकवलीला यायचा. महिना गेला, दुसरा गेला. त्याला नीट झोप लागू लागली. आपण सुटलो, असं एकदा तो आरशात बघून मोठ्याने म्हणालासुद्धा.

जानेवारीत एका सकाळी साहेबांनी त्याला हाक मारली. साहेब खुशीत होते. पुढील वर्षाच्या अग्रक्रमांचा कागद आला होता, यंदा छापील. खाजणवाडीचं काम जिल्ह्यात नमुनेदार ठरलं होतं, आणि तशीच ग्रामसभा यंदा गावोगाव घ्यायची होती.

"तायशेटे, तुमचं नाव झालं हो. तुमचीच प्रतिज्ञा छापलीय."

काशिनाथने कागद हातात घेतला. त्याचे स्वतःचे शब्द होते, एक काना-मात्रा न बदललेले.

"कुठे कुठे वाचणार हे?"

"सगळीकडे. आपल्या तालुक्यातला पहिला मान तुमच्या फोंड्याला. आज अकरा वाजता."

घड्याळात साडेदहा झाले होते.

त्याने टोपीसुद्धा घेतली नाही. एस.टी. सुटलेली, तर मालाच्या ट्रकला हात केला. रस्ताभर तो ड्रायव्हरला, जरा जोरात घे रे बाबा, एवढंच म्हणत राहिला.

फोंड्याला पोचला तेव्हा शाळेच्या पटांगणातून माणसं परतत होती. हसत, बोलत. साकव, रस्ता, दवाखाना.

तो घरी आला. जानकी ओटीवर बसली होती, बाळ मांडीवर. त्याला अवेळी बघून तिचा चेहरा फुलला.

"तुमचे शब्द वाचले आज थंय," ती म्हणाली. "घरातला कोणतरी व्हया, म्हणान मी गेलंय. सगळ्यांबरोबर व्हय म्हटलंय."

तो पायरीवर बसला.

"किती बायका इल्ल्यो! मागे तर कोण कोण होती, वळखीची नाय. बाजूची एक तर केवढी मायाळू. बाळाक मांडयेर घेतल्यान."

"कुठली होती?"

"खंयची ती माका ठावक नाय. मालवणाकडची असात, तशी बोलत होती. घरात किती माणसां, म्हणान इचारल्यान. मी सांगलंय, तीन."

"आणखी काय विचारलं?"

"बाळाचा नाव."

काशिनाथने तिच्याकडे पाहिलं.

"सांगलंस?"

"सांगलंय. दोनदा म्हणान बघितल्यान तिना. विसराक नको, म्हणाली."

त्याने हात पुढे करून बाळाला घेतलं. बाळ गाढ झोपलं होतं. त्याच्या कुंचीच्या टोकाला काळा चिखल लागला होता, अजून ओला.