चोकवरचा चिमटा

धूर आधी पोचला, ती मागून. वाहनांचा धूर तपासणाऱ्या केंद्राच्या इवल्याशा खोलीतून तपासनीस नाकाला रुमाल लावूनच बाहेर आला.

"बंद करा, बंद करा! यंत्र कशाला हवंय? ही डोळ्यांनीच नापास."

"यंत्र लावून तर बघा," तिनं काच खाली केली. "पेपर न वाचता कोणाला नापास करू नये. शिक्षिका आहे मी."

"कोणत्या विषयाच्या?"

"रसायनशास्त्राच्या."

तो हसला... आणि हसता हसता खोकत सुटला. सायलेन्सरमध्ये नळी घातल्याबरोबर यंत्राचे आकडे भराभर चढले.

"पेट्रोल भरपूर, हवा कमी. निम्मं न जळताच बाहेर पडतंय. बॉनेट उघडू?"

"नको." ती इतक्या चटकन म्हणाली की तो दचकला. "बाबांची गाडी आहे. ते दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत."

"मग त्यांनाच पाठवा की."

ती समोरच्या काचेतून बघत राहिली. "ते हिवाळ्यात गेले."

तो आत जाऊन पाण्याचा ग्लास घेऊन आला आणि ती पिईपर्यंत उगाच टायर बघत उभा राहिला. तिला त्याचं ते टायर बघणं आवडलं.

दादाचं म्हणणं सरळ होतं. गाडी तपासणीत पास झाली नाही, तर भंगारात द्यायची. तोही बाबांचाच मुलगा होता, पण त्याला आठवणी डोळ्यांसमोर नको होत्या; तिला त्या जशाच्या तशा हव्या होत्या. सीटवरचा खळगा, आरसा त्यांच्या उंचीचा, आतला पेट्रोलचा उग्र वास. म्हणून ती गाडी घेऊन पुन्हा आली, टाकीत दुकानातलं कसलंसं औषध ओतून. गाडी पुन्हा नापास. मग स्वतःच्या हातानं नवा एअर फिल्टर बसवून आली. तरीही नापास. एव्हाना तो धूर दिसला की तिच्यासाठी खुर्ची बाहेर काढू लागला होता.

खोलीच्या दाराशी एक कुंडी होती. पानांवर रोज काजळी बसायची आणि तो ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायचा.

"आज काय शिकवलंत मुलांना?" एकदा त्यानं पान पुसता पुसता विचारलं.

"अल्केन. मिथेन, इथेन, प्रोपेन... तुमच्या पेट्रोलमध्ये त्यातलीच लांब साखळीची भावंडं असतात. स्वभावानं शांत. कार्बनचे चारही हात आधीच कोणाच्या तरी हातात, त्यामुळे सहसा कोणाच्या वाटेला जात नाहीत."

"इतकी शांत, तर मग पेटतात कशी?"

"ठिणगी पडली आणि... पुरेशी हवा मिळाली की."

फडकं एकाच पानावर बराच वेळ फिरत राहिलं.

"तुमच्या गाडीच्या धुराचा वास घरी गेलो तरी शर्टाला येतो," तो पानाकडेच बघत म्हणाला. "आई विचारते, कोणाला भेटून आलास?"

"मग काय सांगता?"

"सांगतो, नापास विद्यार्थिनी आहे एक."

ती हसणार होती. तेवढ्यात त्याला खोकला आला. दिवसभर लोकांचा धूर खाणाऱ्या माणसाचा, छातीच्या तळातून येणारा. तिचं हसू विरलं.

त्या दिवशी मागे गाड्यांची रांग लागली म्हणून तिची गाडी त्यानंच बाजूला घेतली. उतरला तो चेहरा गंभीर करून.

"मॅडम, चोकच्या मुठीला कपड्यांचा चिमटा लावलाय."

"बाबांनी लावलाय."

"चोक ओढलेला राहिला की इंजिनाची हवा अडते. तो चिमटा काढला, की—"

"त्याला हात लावायचा नाही!" तिचा आवाज चढला. रांगेतल्या लोकांनी माना वळवल्या. "तो त्यांच्या हातचा आहे. तुम्हाला नाही कळायचं!"

ती किल्ली घेऊन तडक निघाली. आरशात मागे काळा लोट होता आणि लोटात कुठेतरी तो.

दुसऱ्या दिवशी वर्गात तिनं फळ्यावर ज्वलनाचं समीकरण लिहिलं. हवा पुरेशी, तर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. हवा अपुरी, तर विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी. लिहिता लिहिता खडू थांबला. तिला बाबांचा खिसा आठवला. चोकची मूठ सैल झालेली, सोडली की आत जायची. म्हणून ते थंड इंजिनाला तेवढ्यापुरता चिमटा लावत. इंजिन तापलं की चिमटा काढून शर्टाच्या खिशाला अडकवत आणि दिवसभर तसेच हिंडत. घरात सगळे चिडवायचे, "बाबा, काय वाळत घालायचंय?"

म्हणजे त्यांनी तो कधीच लावून ठेवला नव्हता. फक्त त्या शेवटच्या सकाळी गाडी सुरू करून ते पायरीवर टेकले, "जरा दम लागलाय," म्हणाले... इंजिन नंतर कोणीतरी बंद केलं. चिमटा राहून गेला. आणि रोज ज्वलन शिकवणारी त्यांची लेक इतके महिने त्याच सकाळीत अडकल्यासारखी गाडी चालवत राहिली.

शाळा सुटल्यावर ती केंद्रावर गेली. तो खुर्ची काढायला वळला.

"खुर्ची नको. शेजारी बसा," ती म्हणाली. "काल मी... फार बोलले."

तो बसला. इंजिन तापलेलंच होतं. तिनं चिमट्यावर दोन बोटं ठेवली, थोडा वेळ तशीच ठेवली, मग दाबला. मूठ आपोआप आत गेली. धापा टाकणारं इंजिन हळूहळू शांत, एका लयीत चालू लागलं. बाबांचा म्हणून जपलेला तो उग्र वास खिडकीतून विरत गेला. तिनं डोळे पुसले. त्यानं खाली उतरून यंत्र लावलं, जरा जास्तच वेळ.

"पास," तो खिडकीशी येऊन म्हणाला. पण आवाजात आनंद कमीच. मग त्याचं लक्ष तिच्या खिशाला अडकवलेल्या चिमट्याकडे गेलं. "हे काय? काय वाळत घालायचंय?"

ती आधी चमकली, मग हसली. हिवाळ्यानंतर पहिल्यांदा, अगदी खळखळून.

"आता सहा महिने यायची गरज नाही तुम्हाला," तो म्हणाला.

"नापास झाल्याशिवाय यायचंच नाही, असा नियम आहे?"

"नियम नाही... पण शर्टाला वास आला नाही, तर आई विचारेल. काय सांगू?"

तिनं हात लांब करून शेजारचं दार उघडलं.

"सांगा, तिलाच घेऊन आलोय."