प्रेमराजने आणलेला प्रोसेसर

यातला एकही प्रसंग मी रचलेला नाही. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. भुताखेताच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात आधी हसणारा मीच असायचो.

गोष्ट २०२५ च्या एप्रिलमधली. जागा धुळ्यातलं देवपूर, आमचं राहतं घर. आणि वेळ रात्रीची नाही...

भर दुपारची. एक वाजून चाळीस मिनिटांची.

मी भूषण. लग्नांचे व्हिडिओ एडिट करून देतो, कधी शूटिंगलाही जातो. माझा कॉम्प्युटर कंपनीचा नाही. एकेक पार्ट जमवून मी तो घरीच जोडला आहे. दहा वर्षांत असे कितीतरी कॉम्प्युटर जोडून दिलेत, त्यामुळे बिघाड झाला तरी मी घाबरत नाही. झाकण काढतो आणि बसतो.

ऐन लगीनसराईत माझा जुना प्रोसेसर गेला. कपाटात एक नवा होता. पेटीबंद. अकरा महिने तसाच पडून.

तो मला कधीच बसवायचा नव्हता. पण तीन लग्नं अडकली होती, म्हणून बसवला.

सकाळभर मशीन सुसाट चालली. दुपारी जेवून मी पुन्हा कामाला बसलो. दीडच्या सुमाराला पंख्याचा आवाज वाढायला लागला. स्क्रीनच्या कोपऱ्यात मी प्रोसेसरचं तापमान लावून ठेवलेलं असतं. सत्तर... एक्क्याऐंशी... त्र्याण्णव...

मग आवाज एकदम उतरला आणि सगळं बंद.

घड्याळात एक चाळीस झाले होते.

बाहेर पारा त्रेचाळीसवर होता. आपल्याकडच्या उन्हात माणूस बंद पडतो तिथे मशीनचं काय, म्हणून मी हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी सगळं उघडलं. ब्रशने धूळ काढली, पंखा फिरवून पाहिला. मग प्रोसेसरवर बसवलेला, त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंक काढला आणि कपाळावर हात मारला. हीटसिंकच्या बुडाला कारखान्यातून पातळ प्लास्टिक चिकटवलेलं येतं. ते काढल्याशिवाय बसवलं तर उष्णता बाहेरच पडत नाही. ते प्लास्टिक तसंच होतं.

शिकाऊ पोरंही ही चूक करत नाहीत. पण त्या दिवशी बसवताना मी त्याच्याकडे नीट बघतच नव्हतो. का, ते सांगतो पुढे.

प्लास्टिक काढलं, मधे उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावली, स्क्रू घट्ट केले. तापमान अडतीस. मला इतकं बरं वाटलं की मी आईला चहा टाकायला सांगितला.

दीड वाजला.

पंखा पुन्हा ओरडायला लागला...

या वेळी मी झाकण उघडंच ठेवलं होतं. स्क्रीनवर सत्त्याण्णव दिसत होते. मी हीटसिंकला बोट लावलं, चटका बसणार म्हणून लगेच मागे घ्यायच्या तयारीने.

तो गार होता. माठाला हात लावावा तसा गार.

आणि कॅबिनेटमधून वास आला. जळक्या वायरचा नाही. पेस्टचा नाही.

कांद्याचा... उन्हात तापलेल्या कांद्याचा.

मशीन बंद पडली. घड्याळात एक चाळीस. मी खुर्चीतून उठलो आणि सरळ दारापुढच्या ओट्यावर जाऊन बसलो. तो वास मला माहीत होता.

आता प्रेमराजबद्दल सांगावं लागेल.

प्रेमराज माझा मावसभाऊ. गाव धरणगाव, पण नोकरीला जळगावला, चटईच्या कारखान्यात. बायको सारिका आणि तीन वर्षांची मुलगी. दुनियेचा भोळा माणूस. कोणी काम सांगितलं की याला नाही म्हणता यायचं नाही, आणि आम्ही सगळे त्याचा फायदा घ्यायचो. मी सगळ्यात जास्त.

मागच्या वर्षीच्या मे महिन्यात मला हा प्रोसेसर हवा होता. धुळ्यात मिळेना, जळगावला मिळत होता. मी प्रेमराजला फोन केला. तो म्हणाला, रविवारी घेऊन येतो. मी म्हणालो, आजच आण, माझं काम खोळंबलंय. तारीख अठ्ठावीस मे. ऊन पंचेचाळीसच्या पुढे.

तो अर्धी सुट्टी टाकून मोटारसायकलवर निघाला. डोक्याला रुमाल गुंडाळून आणि खिशात कांदा ठेवून. ऊन लागू नये म्हणून आपल्याकडे अजूनही बरेच जण कांदा ठेवतात.

एक बाराला त्याचा फोन आला. मग एक पंचवीसला. मग एक चाळीसला.

मी एकही उचलला नाही.

मी झोपलो होतो. जेवून, कूलर पूर्ण वेगात सोडून, फोनचा आवाज बंद करून. आई सकाळीच पापड लाटायला शेजारी गेली होती. घरात मी एकटाच.

सव्वादोनला जाग आली तेव्हा मी उलटा फोन लावला. कोणी अनोळखी माणूस बोलला. "हाऊ माणूस निंबना झाडखाले पडेल शे. पाणी मांगत व्हता. मी पाणी लई उनू, पन आते तो बोलत नही." त्याने पाणी आणेपर्यंत प्रेमराज बोलायचा थांबला होता.

पारोळ्याच्या दवाखान्यात मी सगळ्यांच्या आधी पोहोचलो. प्रेमराज गेला होता. ऊन लागलं, असं डॉक्टर म्हणाले. त्याच्या वस्तू माझ्याच हातात दिल्या. मोबाइल, किल्ल्या, रुमाल, खिशातला मऊ पडलेला कांदा आणि प्रोसेसरची पेटी.

पेटी मी माझ्या गाडीच्या डिकीत टाकली. बाकीचं त्याच्या वडिलांना, अभिमन आबांना दिलं.

हे मी का केलं, ते तुम्हाला कळलंच असेल.

आबांनी विचारलं, तुला तीन फोन आले, उचलले का नाहीस? मी सांगितलं, शूटिंगला होतो, बँडच्या आवाजात ऐकू आलं नाही. त्यांनी विचारलं, तो एवढ्या उन्हात या रस्त्याला कशाला आला होता? मी म्हणालो, माहीत नाही.

त्या दोन शब्दांची किंमत सारिकाने मोजली. त्या दिवशी सकाळी गॅसच्या टाकीवरून नवरा-बायकोत थोडी बोलाचाली झाली होती आणि शेजारणीने ती ऐकली होती. तेवढं पुरलं. बायकोने भांडून घराबाहेर काढला म्हणून पोरगा उन्हात भटकत गेला, असं गावभर झालं. आबा तिच्याशी बोलायचे बंद झाले. मी सगळं पाहत होतो आणि गप्प होतो.

हा तोच प्रोसेसर.

तिसऱ्या दिवशी मी आणखी एक उपाय केला. कॅबिनेट उघडं ठेवून त्याच्यासमोर घरातला मोठा कूलर लावला. बाराला त्याची टाकी काठोकाठ भरली. ती संध्याकाळपर्यंत पुरते.

एक पस्तीसला कूलरमधून खडखड ऐकू आली. पंप कोरडा फिरत होता.

मी टाकीत हात घातला... थेंब नव्हता.

खाली फरशी कोरडी. गळती कुठेच नाही. स्क्रीनवर नव्व्याण्णव. आणि तोच कांद्याचा वास.

चौथ्या दिवशी मी प्रोसेसर काढून दानिशकडे नेला. दानिशचं आग्रा रोडला कॉम्प्युटरचं दुकान आहे, एसीचं. आम्ही जुने दोस्त. त्याला मी काहीच सांगितलं नाही, फक्त म्हणालो की तुझ्या मशीनवर दिवसभर चालवून बघ. बाराला त्याने फोन करून माझी टर उडवली. छत्तीसवर चाललाय म्हणे, तुला आता चष्मा लावायला पाहिजे.

पावणेदोनला पुन्हा त्याचा फोन. या वेळी तो हसत नव्हता.

मी पोहोचलो तेव्हा पेटी काउंटरवर तयार होती. दुकानात अजून कोणी जेवणाचा डबाही उघडला नव्हता, तरी कांद्याचा वास भरून राहिला होता. कोपऱ्यातला पाण्याचा जार सकाळीच आलेला, तो तळापर्यंत रिकामा.

दानिशने विचारलं, "कोणाचा आहे हा?"

माझाच, मी म्हणालो.

त्याने पेटी दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली. "ज्याचा आहे, त्याचं काय राहून गेलंय ते बघ, भूषणभाई. पेस्ट बदलून हे जाणार नाही."

घरी आलो तर आई रडत बसलेली. धरणगावहून यशोदाबाईचा, म्हणजे माझ्या मावशीचा, प्रेमराजच्या आईचा फोन येऊन गेला होता. तीन दिवसांवर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. आखाजीला लेकी माहेरी जातात, मग सासरचं माणूस जाऊन त्यांना परत आणतं. आबांनी ठरवलं होतं की सारिका मुलीला घेऊन माहेरी जाईल आणि तिला आणायला कोणी जाणार नाही.

ते तीन दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. सांगितलं तर मावशी मला दारात उभं करणार नव्हती. नाही सांगितलं तर एका बाईचं घर जाणार होतं, तेही माझ्या पापाने.

आखाजीच्या सकाळी मी पेटी घेतली आणि धरणगावला निघालो.

आपल्याकडे त्या दिवशी गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात. नवी मातीची घागर, गार पाणी, वर गोड सांजोरी, आंबा, डांगर म्हणजे खरबूज. उन्हाळ्यात आपल्या माणसाला तिकडे पाणी मिळावं म्हणून. मी पोहोचलो तेव्हा आबा उंबरठ्याशी बसून एकेका पूर्वजाचं नाव घेत कुंकवाचं बोट ओढत होते. सारिकाची पिशवी दाराजवळ भरलेली होती. मुलगी तिच्या पदराला धरून उभी.

शेवटचं नाव प्रेमराजचं होतं. आबांचं बोट थांबलं.

मी पेटी उंबरठ्यावर ठेवली.

"आबा, तो माझ्याकडे येत होता. हे आणायला. मीच त्याला आजच ये म्हणालो होतो. सारिकाचा काही दोष नाही."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मार खायच्या तयारीने उभा होतो. त्यांनी मारलं नाही. अकरा महिने तुझ्या तोंडाला काय झालं होतं, एवढंच विचारलं. मग त्यांनी ती पेटी उचलून हातात घेतली. शेवटी सारिकाकडे न बघताच बोलले.

"पोरी, चार दिन राही ये माहेरले. मी सोता लेवाले येसू."

आबा स्वतः आणायला येणार, हे ऐकून सारिका तिथेच खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली. वर्षभरात तिला कोणी रडू दिलं नव्हतं.

मला हलकं वाटायला हवं होतं. पण मी अजून सगळं सांगितलं नव्हतं. बँडचं खोटं तसंच ठेवलं होतं. झोपेचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. आईला नाही, दानिशला नाही. ते सांगायची हिंमत मला त्या दिवशीही झाली नाही.

मावशी घागरीत पाणी ओतत होती. तिने तांब्या खाली ठेवला आणि मला जवळ बोलावलं. आवाज शांत होता.

"वरीसभर तो मना सपनमा येस. निंबना झाडखाले बठेल ऱ्हास. मी पाणी लई जास, तर हात करीसन थांबाडस. रोज एकच सांगस... 'बाई, त्याले उठाडू नको. झोपेल शे तो.'"

आईला बाई म्हणणारा प्रेमराज तिला सांगत होता, त्याला उठवू नको.

"माले समजेच ना, कोन झोपेल शे." तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तू झोपेल व्हता का रे, भूषण?"

मी होय म्हणून मान डोलावली.

तांब्या उचलून तिने घागर काठापर्यंत भरली.

प्रोसेसर ठेवून घ्यायला आबांनी नकार दिला. त्याने तुझ्यासाठी आणला, तुझ्याकडे पोहोचू दे, म्हणाले. मी तो परत आणला आणि दुसऱ्या दिवशी बसवला. दीड वाजता मी समोर बसून होतो. एक चाळीस झाले.

तापमान त्रेचाळीस. पंखा शांत. वास नाही.

त्याला आता दीड महिना झाला. मशीन एकदाही तापलेली नाही. मी पुन्हा उघडून पाहिली, पेस्ट तीच, पंखा तोच, बदललेलं काहीच नाही. दानिशलाही काही सांगता येत नाही, आणि तो पुन्हा त्या प्रोसेसरला हात लावायला तयार नाही.

सारिका धरणगावात आहे. आबा ठरल्याप्रमाणे तिला आणायला गेले होते.

पण मी झोपलो होतो हे मावशीच्या स्वप्नातल्या प्रेमराजला कसं कळलं, हे माझ्या डोक्यातून जात नाही. घरात मी एकटा होतो. दार आतून लावलेलं होतं. मी झोपलोय हे पाहणारं तिथे कोणीच नव्हतं... आणि ज्याने पाहिलं, त्याने मला उठवलं नाही. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

आता मी दुपारी झोपत नाही. फोनचा आवाज मोठा करून समोर ठेवतो आणि दोन वाजेपर्यंत जागा बसतो.