पुन्हा आलेली ओळ

‘संगीत. गोंगाट. संगीत. टाळ्या. संगीत.’

नरहरआजोबांच्या वाचनचष्म्यावर (समोरच्याचं बोलणं काचेवर लिहून दाखवणारा चष्मा) गेली वीस मिनिटं एवढंच उमटत होतं. समोर कीर्तनकार विश्वनाथबुवा पदर सावरल्याचा अभिनय करून काहीतरी सांगत होते. मंडप पोट धरून हसत होता. आजोबांनी चष्मा काढला, खिशात ठेवला आणि ते उठून चालू लागले. अकरा वर्षांची कालिंदी त्यांच्या मागे धावली.

साल होतं दोन हजार अठ्ठावन्न. वाईच्या घाटावर कृष्णाबाईचा उत्सव सुरू होता. याच मंडपात आजोबांनी छत्तीस वर्षं कीर्तनाला तबल्याची साथ केली होती. दोन वर्षांपूर्वी त्यांचे कान गेले आणि तबला त्यांच्या शिष्याकडे, हेरंबकडे गेला.

“आता मी यायचा नाही,” घरी आल्यावर आजोबा म्हणाले. “चष्म्याला बोलणं कळतं, कीर्तन कळत नाही. तिथं बसून लोकांच्या तोंडाकडे किती वेळ बघू?”

कालिंदीने पाटी घेतली. घरी आजोबा चष्मा लावत नसत. त्यांच्याशी बोलायचं ते असं, लिहूनच. ‘मी कीर्तन लिहून आणलं तर?’

“आण. वाचताना माझी मान हलली, तर शेवटच्या दिवशी येईन. नाही हलली तर नाही.”

तो बुधवार होता. उत्सवाचा शेवटचा दिवस रविवार.

कालिंदीने बुधवारचं ध्वनिमुद्रण मिळवलं आणि लिहायला बसली. तासाभरात जेमतेम चार मिनिटांचं कीर्तन लिहून झालं. कीर्तन होतं दोन तासांचं. तिने हिशेब केला. तीस तास लागणार, आणि तोवर नवी कीर्तनं होऊन जाणार. गुरुवारी सकाळी पोहे तसेच टाकून ती वाचनालयात पोचली.

तिथे बोरू होता. बोरू म्हणजे वाचनालयातला यंत्रमानव. पुस्तकं लावणं हे त्याचं काम आणि मुलांचे प्रश्न ऐकणं ही त्याची हौस.

“चष्म्याला का नाही जमत?” कालिंदीने दारातूनच विचारलं.

“आधी बसा, कालिंदीबाई. तुमचा पाय इतका हलतोय की कपाट थरथरतंय.” बोरूने हातातलं पुस्तक खाली ठेवलं. “एक माणूस बोलत असला तर चष्म्याला कळतं. टाळ, पेटी, तबला, लोकांचं हसू आणि बुवा असे सगळे एकदम आले की तो हात टेकतो. हे एकट्याचं काम नाही. वाटून द्यायला हवं. एकाने गर्दीतून बुवांचा आवाज निवडायचा, दुसऱ्याने तो लिहायचा, तिसऱ्याने तपासायचा, चौथ्याने आजोबांपर्यंत पोचवायचा. या चारही सेवा आपल्या संगणकावर आहेत.”

“मग आजवर कोणी केलं का नाही?”

“त्या एकमेकींशी बोलत नाहीत ना. शेजारी राहतात, पण ओळखदेख नाही.”

बोरूने भिंतीवर जोडपट उघडला (वेगवेगळ्या संगणक-सेवा ठोकळ्यांसारख्या मांडून एकमेकींना जोडायचा फलक). “यात प्रोग्राम जवळपास लिहावा लागत नाही. ठोकळा उचलायचा, ठेवायचा, पुढच्या ठोकळ्यापर्यंत रेघ ओढायची. एखादी अट हवी असली, तर दोन शब्द लिहायचे. आता सांग, हेरंब तबला कधी सुरू करतो?”

“बुवांनी हात केला की.”

“त्याला ट्रिगर म्हणतात (जी घटना घडली की पुढचं काम आपोआप सुरू होतं, ती). आपला ट्रिगर कोणता ठेवू?”

कालिंदीने जोडपटावरच्या, ध्वनिमुद्रणं साठवायच्या पेटीवर बोट ठेवलं. “मंडपातल्या माईकचं ध्वनिमुद्रण या पेटीत येऊन पडलं की...”

“की आवाज निवडणारा जागा होईल. त्याचं झालं की तो लिहिणाऱ्याला हात करेल, लिहिणारा तपासणाऱ्याला. मध्ये तू नसलीस तरी चालेल.”

कालिंदीने रेघा ओढल्या आणि बुधवारचं ध्वनिमुद्रण पेटीत टाकलं. अकरा मिनिटांत अख्खं कीर्तन भिंतीवर उतरलं. ती वाचू लागली आणि खुदकन हसली. श्रीकृष्ण कौरवांचं पक्वान्न सोडून ‘विधुराघरी’ कण्या खायला गेले होते.

“विधुर म्हणजे बायको वारलेला,” बोरू म्हणाला. “पण पुढच्याच ओळीत त्याची बायको कण्या वाढते आहे.”

मग त्यांनी शब्दयादीचा ठोकळा जोडला. त्यात विदुर, उद्धव, सुदामा अशी कीर्तनात येणारी नावं लिहिली, म्हणजे शंका आल्यावर यंत्राने आधी तिथे पाहायचं. विदुराची बायको परत आली.

पण एक ओळ मात्र संपता संपेना. ‘रिकाम्या घरी ये रे देवा, रिकाम्या घरी ये.’ पानोपानी तीच. कालिंदीने मोजली, सत्तावीस वेळा.

“पुन्हा आलेली ओळ गाळायची अट आहे का?”

“आहे. गाळू?”

“गाळ. आजोबांना तेच तेच किती वाचायला लावू? लवकर कर.”

संध्याकाळी आजोबांनी झोपाळ्यावर बसून ते सगळं वाचलं. कालिंदी नखं कुरतडत समोर उभी. मान हलली नाही.

“स्वच्छ आहे,” ते म्हणाले. “निबंधासारखं.”

‘काय कमी आहे?’ तिने पाटीवर लिहिलं.

“कमी काय, बाळ... बुवा निघतात, चालत राहतात, पण परत घरी येतच नाहीत. मी हात टाकू कुठे?”

शुक्रवारी शाळेत तिचं कशात लक्ष लागेना. दोन दिवस उरले होते, आणि आजोबांचं ते बोलणं डोक्यात फिरत होतं. शाळा सुटल्यावर ती थेट मंडपात गेली आणि हेरंबच्या शेजारी बसली. बुवा गोष्ट सांगत होते तोवर हेरंबचे हात मांडीवर स्वस्थ होते. सांगता सांगता बुवा पालुपदाकडे (पदातल्या प्रत्येक कडव्यानंतर परत येणारी ओळ) वळले, आणि त्यांचा हात वर जायच्या आधीच हेरंबची बोटं तबल्यावर आली. मंडपातल्या म्हाताऱ्या बायाही सरसावून बसल्या. पुन्हा गोष्ट. पुन्हा पालुपद. पुन्हा तेच.

कालिंदी ताडकन उठली. चपला मंडपातच राहिल्या.

“बोरू, मी घर गाळलं,” वाचनालयात शिरता शिरता ती म्हणाली. “बुवा परत येतात ती ओळच मी काढून टाकली.”

“मी विचारलं होतं.”

“जरा जोरात विचारायचं.”

“मला तू सांगितलेलं कळतं,” बोरू म्हणाला. “तुला काय हवं होतं ते नाही कळत. बातमी लिहिताना दोनदा आलेली ओळ चूक असते, म्हणून ती अट तिथे आहे. कीर्तनात तीच ओळ खूण असते, हे जोडपटाला कुठून ठाऊक असणार? ते तूच सांगायला हवंस.”

तिने अट उलटी केली. पुन्हा आलेली ओळ ठेवायची, आणि मोठ्या अक्षरात. प्रत्येक ओळीला वेळखूण लावली (ती कोणत्या क्षणी म्हटली गेली याची नोंद), म्हणजे पान एकदम उघडण्याऐवजी गाण्याच्या चालीने ओळी उमटतील. आणि शेवटी एक नवा ठोकळा: यंत्राला शब्दाची फारच शंका आली, तर थांबायचं आणि कालिंदीला विचारायचं.

शनिवारी सकाळी आजोबांच्या हातातल्या पातळ पडद्यावर ओळी येऊ लागल्या. गोष्ट आली, आणि मग मोठ्या अक्षरात ‘रिकाम्या घरी ये रे देवा’. पुन्हा गोष्ट. तिसऱ्यांदा पालुपद आलं तेव्हा झोपाळ्याच्या कडीवर आजोबांचं एक बोट वाजलं. पाचव्यांदा मान हलली.

कालिंदीने पाटी वर धरली. ‘हलली.’

“डास होता,” आजोबा म्हणाले. पण दुपारी त्यांनी कपाटातून काळी टोपी काढून झटकली.

रविवारी मंडप भरला होता. आजोबा हेरंबच्या बाजूला, मांडीवर पडदा घेऊन बसले. मंडपातला माईक आता थेट जोडपटाला जोडला होता, ध्वनिमुद्रणाची वाट पाहायची नव्हती. बुवा एकेक ओळ म्हणत होते आणि श्वासाभराच्या अंतराने ती पडद्यावर येत होती. बुवांनी आजोबांसाठी मुद्दाम विदुराचीच कथा लावली होती. मंडप हसला, पाठोपाठ आजोबाही हसले. शेजारी बसलेल्या कालिंदीच्या हातात बोरूने दिलेली छोटी पाटी होती. यंत्राच्या शंका त्या पाटीवर उमटणार होत्या.

आणि आली. ‘विदुराने लोटलं ते... कवाड की कबाड?’

आजोबांकडे बघण्याच्या नादात तिचं ऐकण्याकडे लक्षच नव्हतं. कबाड? कबाड कोण लोटेल? पण लोटेलही. तिचा अंगठा हवेतच थांबला. इकडे साखळी अडली, पडदा कोरा झाला, आणि तिकडे बुवा पालुपदाकडे वळले. आता आजोबा पडदा बाजूला ठेवतील, टोपी सारखी करतील आणि उठतील.

आजोबांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. ते बुवांच्या हाताकडे पाहत होते. आजोबांचा तळवा वर गेला आणि स्वतःच्या गुडघ्यावर उतरला. बरोबर त्याच क्षणी हेरंबची थाप पडली.

हेरंबने वळून पाहिलं. पुढच्या आवर्तनालाही तसंच. मग त्याने सतरंजीवरून डग्गा आजोबांकडे सरकवला. “घ्या, गुरुजी,” तो म्हणाला. आजोबांना ते ऐकू आलं नाही, पण डग्गा त्यांनी जवळ ओढून घेतला.

कालिंदीने ‘कवाड’वर अंगठा टेकवला. थांबलेली ओळ पडद्यावर आली आणि मागोमाग पालुपद, मोठ्या अक्षरात, चांगलं उशिरा. वाचायला कोणी नव्हतं. आजोबांचा हात डग्ग्यावर होता आणि डोळे मिटलेले होते.

सोमवारी ती वाचनालयात गेली तेव्हा बोरू जोडपटाच्या तीन नकला काढत होता. पलीकडच्या घाटावरच्या लोकांनी मागितल्या होत्या. त्यांच्याकडेही कान गेलेली माणसं होतीच.

“बोरू, पडदा अडला होता. तरी आजोबांना ओळ आधीच कळली.”

“शनिवारीच ती सत्तावीस वेळा येऊन गेली होती. पुढच्या वेळी कुठे येणार, हे त्यांना ठाऊक होतं.”

“मग जे पुन्हा पुन्हा येतं, त्यावरून पुढचं ओळखायला जोडपटाला शिकवता येईल?”

बोरूने एक रिकामा ठोकळा तिच्यासमोर सरकवला. कालिंदी बसली. पाय हलतच होता.