गाडीत व्यक्ती : एक

भांडायला जायचं तर पोटभर जेवून जावं, असं माझी बायको म्हणायची. त्या सोमवारी मी नुसत्या चहावर निघालो. पिशवीत मोडक्या दाराचे चार फोटो आणि मेकॅनिकनं लिहून दिलेला कागद. बंद पडलेल्या गाड्या उचलून आणणाऱ्या कंपनीनं माझ्या गाडीचं दार मोडलं होतं आणि ते त्यांच्याकडूनच नीट करून घ्यायचं, असा माझा हट्ट होता.

दार बायकोच्या बाजूचं होतं, म्हणून हट्ट. ती जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून त्या सीटवर मी कुणाला बसू दिलं नव्हतं, साधी पिशवीही ठेवली नव्हती. घरात मी फारसा बोलत नाही, पण गाडीत तिच्याशी बोलायचो. बाजारात जाताना यादी, येताना तक्रारी. वेड लागलं नव्हतं हो मला. सवय म्हणायची, झालं.

गाडी बंद पडली ती घाटात, दुपारी तीनच्या सुमाराला. धुकं असं की बॉनेटपुढचं दिसेना. दीड तासानं टो ट्रक आला. चालक तिशीतला, अदबीनं बोलणारा. मी कुडकुडतोय हे बघून त्यानं मला आधी केबिनमध्ये बसवलं. मग गाडी मागच्या हौद्यावर ओढून घेतली, पट्टे आवळले आणि एक छापील कागद माझ्यापुढे धरला. चाळीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली, लोकांच्या चुका काढून पोट भरलं. तो कागद मात्र न वाचता सही करून परत दिला.

केबिनमध्ये ऊब होती, डिझेलचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. निघताना तो म्हणाला, "काकू एकट्या घाबरणार नाहीत ना?"

मला वाटलं, घरी एकट्या. "सवय आहे तिला," मी म्हणालो. परक्या माणसाला ती नाही असं सांगणं मला जमत नाही. दूधवाल्याला, पोस्टमनला, सगळ्यांना मी ती बरी आहे असंच सांगतो. मग मला झोप लागली. आठ महिन्यांतली पहिली गाढ झोप. घरी पोचलो तेव्हा दार बिजागरीतून उलटं वाकून लोंबत होतं.

कंपनीच्या ऑफिसात मॅनेजरनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. चालकाच्या अक्षरात लिहिलं होतं : 'केबिनमध्ये व्यक्ती : एक. गाडीत व्यक्ती : एक.' खाली माझी झोकदार सही.

"ही चूक आहे," मी म्हणालो.

"असेल, काका. हौद्यावरच्या गाडीत माणूस बसला आणि त्यानं दार उघडलं, तर भरपाई आमच्यावर नाही. मेकॅनिकनंही लिहिलंय, दार आतून ढकललंय. तुम्ही एक ओळ लिहून द्या, गाडी रिकामी होती. नवं दार बसवून देतो. खोटं लिहिलं म्हणून चालकाला घरी बसवतो."

एक ओळ लिहायला काय जातं? पण 'गाडी रिकामी होती' हे शब्द माझ्या हातून उतरेनात. म्हणालो, आधी चालकाला भेटतो.

तो मागच्या आवारात हौदा धूत होता. सकाळचं चांगलं ऊन पडलं होतं.

"असं का लिहिलंस रे बाबा?"

त्यानं नळ बंद केला. "त्यांना मी तीनदा म्हटलं, खाली या. म्हणाल्या, गुडघा धरलाय, मला चढउतार नको. मी म्हटलं, जाऊ दे, म्हातारं माणूस..."

तिचा डावा गुडघा. शेवटची दोन वर्षं ती जिन्यालाही घाबरायची.

"मग?"

"शेवटच्या वळणावर पट्टा बघायला उतरलो. तर दार उघडं... हौद्याच्या कठड्यावर रेटून पार उलटं केलेलं. आणि त्या खाली रस्त्यावर उभ्या. मी म्हटलं, काकांना उठवतो. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं... म्हणाल्या, नको, किती दिवसांनी झोपलेत. येते मी."

"आणि...?"

"धुक्यात गेल्या. तिथं फाटासुद्धा नाही हो, काका. घरी पोचल्यावर सांगितलं ना मी, काकू वाटेत उतरल्या म्हणून? तुम्ही 'बरं' म्हणालात."

म्हणालोही असेन, अर्धवट झोपेत.

खरं सांगतो, भीती नंतर वाटली. आधी राग आला, माझाच. हॉस्पिटलमध्येही ती अशीच गेली. रात्रंदिवस बसून होतो, आणि स्टुलावर दहा मिनिटं डोळा लागला तेवढ्यात. नर्सनं हलवून उठवलं. दोन्ही वेळा ती गेली आणि दोन्ही वेळा मी झोपलेलो. त्या आवारात, त्या परक्या पोरासमोर, मी ढसाढसा रडलो.

मग आत जाऊन मी लिहिलं : 'गाडीत माझी पत्नी होती. तक्रार मागे घेतो.' चालकाला समज देऊन सोडलं. दार मी दोरीनं बांधून घेतलं.

निघताना आपल्यात कुणी 'जाते' म्हणत नाही. 'येते' म्हणायचं आणि जायचं. त्या शब्दावर कुणी वाट बघत बसत नाही. मी बसलो. सोळा दिवस घराच्या दाराकडे तोंड करून खुर्चीत, दुपारी डोळा लागू न देता. काल मात्र जेवणानंतर हरलो. तासभर झोपलो असेन.

आज सकाळी त्या चालकाचा फोन आला. लटक्या रागात होता. "काय काका, गरिबाला ओळख द्यायची नाही का?"

"कुठे भेटलास तू?"

"काल दुपारी, घाटात. त्याच वळणावर. हॉर्न दिला, हात केला. काकू हसल्या... तुम्ही मात्र मान वर केली नाहीत. त्यांनी हाताला धरलं होतं तुम्हाला. झोपेत चालल्यासारखे चालला होतात... बरे आहात ना?"

"बरा आहे," मी म्हणालो. आम्ही दोघं कुणीकडे चाललो होतो, घराकडे की पलीकडे, एवढंच विचारायचं होतं. धीर झाला नाही.

तर असं आहे. तुम्ही आलात ते बरं झालं. बसा घटकाभर. जेवण झालंय, डोळे जड व्हायला लागलेत. मला डुलकी लागली तर उठवायचं की नाही, ते मात्र मला अजून ठरवता येत नाही.