तीन नंबरचा पाणवठा

बसा असे जवळ. बॅटऱ्या बंद करा, चांदणं भरपूर आहे. उद्याची रात्र तुम्हाला मचाणावर उजेडाशिवाय काढायचीय, सवय आजपासूनच लागू द्या.

मघाशी प्रीतीनं विचारलं, की प्राणीगणनेच्या यादीत एक, दोन, चार, पाच नंबरचे पाणवठे आहेत, मग तीन नंबर कुठं गेला? तीन नंबर जागेवरच आहे. उन्हाळाभर त्यात पाणीही पडतं. फक्त गणनेला तिथं कुणाला बसवत नाहीत. वनखात्याचे साहेब तुम्हाला मचाण खिळखिळं झालंय म्हणून सांगतील. मचाण बिलकुल धड आहे. खरं काय ते मी सांगतो, कारण ज्यांच्यावर ही वेळ आली त्या संध्या साळवे बाई माझ्या हाताखाली नऊ वर्षं शिकवत होत्या. मी हेडमास्तर होतो तेव्हा. या बाईंना साधी रजेची खोटी चिठ्ठी लिहिता यायची नाही.

गेल्या वर्षीची बुद्धपौर्णिमा. बारा मे, सोमवार.

सकाळी बाई विहारात होत्या. वंदना झाली, खीर वाटून झाली, आणि दुपारी चारला त्या स्कूटीवर केदारखेड्याला गेल्या, गणनेचे कोरे तक्ते आणायला. दरवर्षी हे काम त्यांच्याकडंच असायचं. आपला हा हरणमाळ सरकारी कागदावर वनखात्याचा असला, तरी तो जगवलाय गावानं, हे तुम्हाला माहीतच आहे. थंडीत शाळेच्या पोरांना घेऊन पक्षी मोजायचे. होळीच्या आधी गवताचे पट्टे कापून मोकळे करायचे, म्हणजे वणवा पसरत नाही. पाऊस लागला की गवताचं बी फेकायचं. आणि उन्हाळ्यात पाणी. ज्याच्या विहिरीला टिकाव आहे, त्यानं ट्रॅक्टरचा टँकर भरून आपल्या वाट्याचा पाणवठा भरायचा. कुणी कुणाला सांगायला जात नाही, वेळ झाली की टँकर निघतो.

तीन नंबरचा पाणवठा धर्मराजच्या वाट्याला. धर्मराज म्हणजे गोजरबाईचा थोरला. म्हातारी सत्तरीच्या पुढची, पण चार शेळ्या घेऊन रोज माळाच्या कडेनं हिंडायची. शाळेच्या कुंपणावरून पोरांना बोरं द्यायची. एप्रिलच्या अठ्ठावीस तारखेला तिला माळावरच ऊन लागलं. संध्याकाळी शेळ्या एकट्या घरी आल्या, तेव्हा लोक शोधायला निघाले. एका हिवराच्या बुडाशी सापडली. तेरावं झालं, अन् दुसऱ्याच दिवशी धर्मराज टँकर घेऊन पाणवठ्यावर हजर होता. बाईंना त्याचं फार कौतुक वाटलं होतं.

तर तक्ते घेऊन बाई सहाला तीन नंबरच्या मचाणापाशी पोचल्या. सोबतीला वनखात्याचा रोजंदारीवरचा राखणदार, भुजंग. चाळिशीचा माणूस, मोठा कडक. त्याच्या राखणीत माळावर परकं जनावर शिरायचं नाही. पण त्या दिवशी बाईंनी त्याला पाहिलं अन् त्या चपापल्या. पंधरा दिवसांत माणूस निम्मा झाला होता. मला दुसऱ्या मचाणावर पाठवा म्हणून त्यानं साहेबाच्या विनवण्या केल्या होत्या, हे बाईंना नंतर कळलं. बाईंच्या आईनं, कौसल्याबाईंनी, त्याच्यासाठी मुद्दाम खिरीचा डबा दिला होता. त्यानं तो हातात घेतला, कपाळाला लावला आणि बाजूला ठेवून दिला. नंतर खाईन म्हणाला.

मचाण लोखंडी पाइपांचं, वर पाचटाचं छप्पर, चढायला शिडी. समोर चाळीस पावलांवर पाणवठा. सिमेंटची मोठी परात जमिनीत पुरावी तसा, चार वर्षांपूर्वी बांधलेला. सातला चंद्र वर आला. माळ असा पांढरा झाला, की पाणवठ्याच्या काठचा खडासुद्धा वेगळा दिसावा.

बाई लिहीत गेल्या. सात वीस, मोर, दोन. आठ दहा, ससे, तीन. साडेनऊला रानडुकरांची अख्खी टोळी येऊन पाणी ढवळून गेली. सव्वाबाराला एक रोही, म्हणजे नीलगाय, एकटा नर, पोटभर प्याला आणि आला तसा गेला. भुजंग एरवी गणनेत कानात कुजबुजून सांगायचा, बाई, हे पिल्लू, ही गाभण. त्या रात्री तो एक शब्द बोलला नाही. गुडघ्यांभोवती हात आवळून बसून होता. बाईंना वाटलं, तब्येत बरी नसेल.

एक वाजून गेल्यावर सगळं थंडावलं. टिटवीसुद्धा बंद झाली.

दोनला पाच मिनिटं कमी असताना काळविटांचा कळप आला. बाईंनी मोजली, बावीस. दिवसभराची तहानलेली जनावरं, पाणी समोर दिसतंय. पण पाणवठ्यापासून पंचवीस-तीस पावलांवर ती थांबली. सगळी एका ओळीत. पुढचा नर एकदा पाय आपटून मागं सरला. वाऱ्यावर आपला वास गेला असेल, असं बाईंना आधी वाटलं. पण वारा नव्हता. अन् एकही मान मचाणाकडं नव्हती. सगळ्या माना पाणवठ्याच्या उजव्या कडेकडं.

तिथं कुणी नव्हतं.

मग आवाज आला.

जनावर पितं तेव्हा लपलप होते, ती बाईंच्या ओळखीची होती. हा आवाज तसा नव्हता. पाण्यात काहीतरी बुडायचं... वर यायचं... थेंब गळायचे... आणि मग घोट. पुन्हा बुडायचं. माणूस ओंजळीनं पितो, तसं. मधूनच काचेच्या बांगड्या सिमेंटला लागल्यागत किणकिण.

बाई डोळे फाडून बघत होत्या. उजव्या कडेचं पाणी हलत होतं. एक लाट फुटायची, गोल गोल पसरायची, पार दुसऱ्या काठाला जाऊन लागायची. चंद्राचे तुकडे व्हायचे.

त्यांनी सवयीनं पेन उचललं. वेळ लिहिली. प्राणी, या रकान्यावर हात थांबला.

भुजंग मचाणाच्या मागच्या बाजूला तोंड अन् पाण्याकडं पाठ करून बसला होता. कधी वळला, ते त्यांना कळलं नव्हतं.

"लिहू नका बाई," तो म्हणाला. "ते जनावर न्हाई."

त्यानंच सांगितलं. पाठमोरा, एवढ्या हळू, की त्यांना कान त्याच्या पाठीशी न्यावा लागला.

अठ्ठावीस तारखेला दुपारी एकच्या सुमाराला गोजरबाई शेळ्या घेऊन इथवर आली होती. तिची पाण्याची बाटली वाटेत सांडली होती. त्या दिवशी मोठे साहेब पाणवठे बघायला यायचे होते. काठाला शेळीची एक लेंडी दिसली असती, तर भुजंगची नोकरी गेली असती. त्यानं काठी घेऊन शेळ्या पार कुंपणाबाहेर पिटाळल्या. म्हातारी म्हणाली, शेळ्या राहू दे बाबा बाहेर, मला दोन ओंजळी पिऊ दे. हा पुरता तापलेला. हे पाणी माणसासाठी नाही म्हणाला. तिनं वाद घातला नाही. पदर डोक्यावर ओढला आणि आल्या वाटेनं वळली. हिवर तिथून दोनशे पावलांवर आहे. संध्याकाळी गाव तिला शोधत होतं, तेव्हा हाही शोधायला गेला होता. सगळ्यांबरोबर. अन् गप्प राहिला.

"पाणी तिच्याच विहिरीचं होतं, बाई," भुजंग म्हणाला. "तिच्या लेकानं आणून टाकलेलं. तवापासून येऊन राह्यली. रोज. तिची तहान जाईना..."

बाईंना राग यावा, तर भीती एवढी, की रागाला जागा नव्हती. पाणवठ्यावर ओंजळ बुडत होती. वर येत होती. बावीस जनावरं उभीच.

आणि तो आवाज थांबला.

पाणी हळूहळू निवळलं. चंद्र पुन्हा एकसंध झाला.

मग वाळल्या गवतात... एक पाऊल.

थोडं थांबून, दुसरं. जडपणानं टाकलेलं. काळविटांच्या माना वळल्या. पाणवठ्याकडून... मचाणाकडं. पाऊल पुढं पडेल, तशा त्या वळत होत्या. त्या माना बघून बाईंना कळत होतं, ते कुठवर आलंय. वीस पावलं. दहा. मग कळप आणि त्या, समोरासमोर झाले. बावीस जनावरं सरळ मचाणाच्या बुडाकडं बघत होती.

शिडी हलली.

खालच्या पायरीवर वजन पडलं. पाइप करकरला. श्वास ऐकू आला. कोरडा. घशात घासत येणारा. धाप लागलेल्या म्हाताऱ्या माणसाचा.

दुसरी पायरी.

भुजंगनं तोंडात मूठ कोंबली होती. बाईंनी त्याचा दंड धरला. त्यांना स्वतःचा आवाज परका वाटला.

"बोला तिच्याशी. तुम्ही बोला."

त्यानं मान हलवली. नाही.

तिसरी पायरी... आता फळीच्या खाली. वीतभर.

"भुजंग, ती तुमच्याकडं आलीय."

तो वळला. फळीवर दोन्ही हात टेकले, शिडीकडं तोंड केलं. तिथं नुसतं चांदणं होतं. ओठ हलले, आवाज फुटेना. दोनदा. तिसऱ्यांदा फुटला.

"माय... म्या चुकलो. पाणी तुझंच हाय. पी. कुणी हाकलणार न्हाई."

तो श्वास तिथंच. वर येईना, खाली जाईना. बाई म्हणतात, किती वेळ ते सांगता येत नाही. आपण मोजत होतो, शंभरच्या पुढं आकडे चुकले, एवढंच त्यांना आठवतं.

मग पाइप पुन्हा करकरला. खालची पायरी... गवत... दूर जाणारं पाऊल.

पाणवठ्याच्या उजव्या कडेचं पाणी हललं. या वेळी मात्र सावकाश. घोटाघोटामध्ये उसंत होती. घाई गेली होती त्यातली. बराच वेळ ते चाललं. मग थांबलं, आणि तेव्हाच तो पुढचा काळवीट खाली मान घालून चालत आला. मागोमाग सगळे. प्याले. पण बाविसांतल्या एकानंही उजव्या कडेला तोंड लावलं नाही. तिथं एका माणसाएवढी जागा मोकळी सोडून दाटीवाटीनं बाकीच्या काठावर उभे राहिले. बाईंनी तक्त्यावर लिहिलं, दोन पस्तीस, काळवीट, बावीस. अक्षर बघाल तर दुसऱ्या कुणाचं वाटेल.

उजाडेपर्यंत दोघंही जागचे हलले नाहीत. सहाला भुजंग शिडी उतरला. बाई त्याच्या मागं चालत राहिल्या. तो तडक धर्मराजच्या दारात गेला, अंगणातच खाली बसला आणि सगळं सांगितलं. धर्मराजची बायको मीना आत धाय मोकलून रडायला लागली. भावकी जमली. दोघांनी काठ्याही उचलल्या. धर्मराजनं त्यांना हातानंच मागं सारलं. तो भुजंगसमोर बसला. मग त्यानं एकच विचारलं.

"जाताना ती काय म्हणली?"

"काही न्हाई म्हणली," भुजंग म्हणाला. "पदर घेतला अन् गेली."

धर्मराज उठला. आता हा काय करतो म्हणून सगळे बघायला लागले. तो विहिरीवर गेला आणि त्यानं मोटर चालू केली. टँकर भरायला लावला. त्या दिवशी तीन नंबरला पाणी टाकायला तो स्वतः गेला, अन् टँकरचा पाइप धरायला त्यानं भुजंगला सोबत नेलं. वाटेत एकमेकांशी बोलले की नाही, ते त्या दोघांनाच माहीत.

भुजंगनं पोलिसात जबाब दिला, नोकरी सोडली. आता अंकुशनगरकडं उसाच्या कामावर असतो म्हणतात. बाईंनी ग्रामसभेत विषय लावून धरला. माळाच्या कुंपणाबाहेर ते जे पाण्याचे रांजण अन् शेळ्यांसाठी लांबट हौद तुम्ही आज येताना पाहिलेत ना, ते त्या ग्रामसभेनंतरचे. पाच पाणवठ्यांना पाच ठिकाणी. माणसाला अन् गुराला आधी पाणी, मग टँकर आत जाणार, असं ठरलं. साहेबांनीही मान डोलावली.

बाई यंदाही गणनेला आहेत, दोन नंबरला. विचारू नका त्यांना. चुकूनही विचारू नका. मला त्यांनी एकदाच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर मला स्कूटीवर बसवून तिथं घेऊन गेल्या. दाखवायला.

कारण त्या सकाळी, भुजंगच्या मागं निघण्याआधी, बाई पाणवठ्याच्या उजव्या कडेपाशी क्षणभर थांबल्या होत्या.

चार वर्षांचं सिमेंट ते. टिकाव मारला तर ठिणगी उडेल. त्यात, अगदी काठाला, दोन खळगे पडलेत. शेजारी शेजारी. ओल्या मातीत कुणी पाणी प्यायला गुडघे टेकावेत, तसे. आत लुगड्याच्या विणीचे बारीक ठसेसुद्धा उमटलेत.

मी बोटं फिरवून पाहिलीत.