वरच्या मजल्यावर निघालेल्या बाह्या

“ही बाही तुमची का?”

दार उघडलं तर समोर एक उंच माणूस. केस विस्कटलेले, दोन पायांत दोन वेगळ्या चपला आणि हातात कागदांचा गठ्ठा. सगळ्यात वरच्या कागदावर मी काढलेली बाही होती... लहान मुलीच्या फ्रॉकची, फुग्याची.

सकाळपासून त्या मेल्या प्रिंटरपुढे बसून माझं डोकं उठलं होतं. नवा कोरा प्रिंटर! सॉफ्टवेअर टाकलं, काढलं, परत टाकलं. कॉम्प्युटर दर वेळी सांगायचा, छपाई झाली. प्रिंटर मात्र ढिम्म. एक कागद बाहेर टाकेल तर शपथ.

“तुमच्याकडे कशी आली ही?”

“माझ्या प्रिंटरमधून. आपोआप! आधी कॉलर आली, तेव्हा वाटलं भुताटकी आहे. मग खिसे यायला लागले... म्हटलं, भूत खिसे कशाला पाठवेल? कॉलरवर तुमच्या घराचा नंबर होता, म्हणून खाली आलो.”

मला हसू फुटलं, पण हसायला सवड कुठे होती? संध्याकाळी पाचच्या आत हे पॅटर्न, म्हणजे कापड कापायचे कागदी नमुने, शिवणाच्या कारखान्यात पोचवायचे होते. नोकरी सोडल्यानंतरची माझी पहिली ऑर्डर. ही हुकली की पुन्हा जुन्या ऑफिसात जुन्या साहेबापुढे उभं राहायचं. “याल, याल परत,” असं तो निरोपाच्या दिवशीच हसत म्हणाला होता. ते हसणं मला अजून झोंबत होतं.

“वरचे डॉक्टर का गं?” आतून आत्याचा आवाज. “ये रे बाबा, आत ये. अगं, हा दातांचा डॉक्टर. आपलं नेट ह्याच्याच घरून येतं. खाली-वर तर राहतो, दोन कशाला घ्यायची?”

हे मला आत्ता कळत होतं! आत्याकडे राहायला येऊन मला आठवडा झाला होता, पण सांगेल कोण? माझ्या कॉम्प्युटरला त्या नेटवर एकच प्रिंटर सापडला, याचा. तोही माझ्या प्रिंटरच्याच कंपनीचा, म्हणून मला शंकाही आली नाही. माझा बिचारा अजून नेटला जोडलेलाच नव्हता.

“मग छापा ना माझ्याच प्रिंटरवर,” डॉक्टर म्हणाले. “मला आवडतील... बाह्या.”

“तुमचा नुसता काळं छापतो. माझ्या प्रत्येक मापाची रेषा वेगळ्या रंगाची असते. सगळ्या काळ्या निघाल्या तर कापणाऱ्यानं काय कापायचं?”

मी माहितीपुस्तक पुढे धरलं. प्रिंटरवरचं बटण दाबा आणि दिवा लुकलुकतोय तोवर राउटरवरचं दाबा. राउटर वरच्या मजल्यावर. डॉक्टर दोन-दोन पायऱ्या चढत पळाले, मी खिडकीशी उभी राहिले.

“दाबू?” वरून हाक आली.

“दाबा!”

आतून आत्या किंचाळली, “अरे, माझी मालिका गेली!”

“चुकून भलतंच दाबलं!” खिडकीतून एक ओशाळलेलं डोकं खाली वाकलं. “राउटरच बंद झाला. रागावलात?”

“दात काढताना तरी नीट बघता ना?”

“तिथे पेशंट माझ्याकडे असं बघत नाहीत हो...”

माझे कान गरम झाले. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाई हातातली चादर तशीच धरून ऐकत होत्या. दुसऱ्या खेपेला दिवा लुकलुकला, लुकलुकला... आणि स्थिर झाला. प्रिंटर घरघरला. पहिलं पान बाहेर आलं तेव्हा मी एवढ्या मोठ्यांदा ओरडले की डॉक्टर धावतच खाली आले.

पान हातात घेऊन मी पट्टी लावली. कोपऱ्यातला माप तपासायचा चौकोन किंचित लहान भरला. सॉफ्टवेअरनं न विचारता सगळं पानात बसवायला आखडून टाकलं होतं!

“एवढासा तर फरक आहे,” ते म्हणाले.

“तुमच्या दाताच्या टोपीत चालतो एवढासा?”

“छे! पेशंटला घास चावता येत नाही.”

“मग मुलीचा हात बाहीत कसा जाईल?”

मी ‘पानात बसवा’पुढची खूण काढून टाकली, पुन्हा छापलं. चौकोन बरोब्बर! मग आम्ही जमिनीवर बसून पानं जोडली. ते कडा इतक्या नाजूक हातानं जुळवत होते... एकदा दोघांची बोटं एकाच कोपऱ्यावर आली. दोघांनीही ती काढायला जरा उशीरच केला.

“दवाखाना सहाला उघडतो,” ते उठत म्हणाले. “स्कूटर खाली आहे.”

कारखान्याच्या मालकीणबाईंनी प्रत्येक तुकड्यावर टेप लावून पाहिली. शेवटी टेप गुंडाळत त्या म्हणाल्या, “छान. आता मुलग्यांचे शर्ट करा. वर्षभराचं काम तुम्हालाच.”

मी जिना उतरले नाही, उडाले. “वर्षभराचं! डॉक्टर, वर्षभराचं काम मिळालं!”

ते माझ्याहून जास्त नाचले. मग स्कूटरची किल्ली चाचपत म्हणाले, “चला... प्रिंटर जोडला गेला. आता खाली यायला मला काही निमित्त नाही.”

त्या दिवशी माझ्या अंगात दहा हत्तींचं बळ होतं.

“निमित्त कशाला? मला आवडलात तुम्ही. रोज या.”

दिवसभर लोकांना ‘आ’ करायला लावणारा माणूस भर रस्त्यात आ वासून उभा राहिला. मग हसला, सगळेच्या सगळे दात दाखवून.

“तुम्ही आठवड्यापूर्वी बॅगा घेऊन जिना चढत होतात ना... तेव्हापासून मी निमित्तच शोधतोय. आज तुम्हीच ते घरपोच पाठवलंत.”

“मग एवढे दिवस बोलला का नाहीत?”

“भीती वाटली,” दातांचा डॉक्टर म्हणाला, आणि त्यानं माझा हात हातात घेतला.