घर-६२ नावाची फाइल

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माझ्या वर्गातल्या दोघींनी तेच केलं. पण हे घडलं तेव्हा मी टक्क जागी होते, खोलीत लख्ख ऊन होतं आणि माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता.

दीड महिन्यापूर्वीचा रविवार. दुपार. बाबांची कामाची खोली.

बाबा घरांचे नकाशे काढायचे. आठ महिन्यांपूर्वी ते गेले. आम्ही बांधणार असलेल्या आमच्या स्वतःच्या घराचा नकाशा त्यांच्या हार्ड डिस्कवर होता, कागदावर कुठेच नाही. मिस्त्री पाच वाजता तो न्यायला येणार होते. सोमवारी पाया खणायचा होता. आणि बाबांचा कॉम्प्युटर सुरूच होईना. म्हणून त्यातली डिस्क काढून नव्या कॉम्प्युटरमध्ये बसवायची होती.

"दुकानात देऊ या का?" आई म्हणाली. "एवढी एकच प्रत आहे गं."

"चार स्क्रू आणि दोन वायरी, आई."

"इस्त्री उघडलीस तेव्हाही असंच म्हणाली होतीस. ती अजून बंद आहे."

बाबांची एक सवय सांगायला हवी. जुन्या फाइलवर नवं काम ते कधीच सेव्ह करायचे नाहीत. खुर्चीतून उठताना, फक्त उठतानाच, पुढचा आकडा टाकून नवी फाइल करायचे. घर-१, घर-२... जेवायला उठले, एक आकडा. फोन घ्यायला उठले, आणखी एक. आई म्हणायची, "माझी हाक म्हणजे तुमचं सेव्हचं बटण."

हॉस्पिटलला निघताना ते घर-६१ करून उठले होते.

मी झाकण उघडलं. वायरी सोडवल्या. डिस्क हातात घेतली.

गार असायला हवी होती.

कोमट होती...

आणि बारीक थरथरत होती. चालू असल्यासारखी.

तेवढ्यात मागे बाबांची खुर्ची करकरली.

"आई, मागे बसू नकोस ना. टेन्शन येतं."

"मी कुठे बसलेय?" आवाज स्वयंपाकघरातून आला. "चार वीस झाले, आवर लवकर."

मी वळले. खुर्ची रिकामी होती.

हळूहळू फिरत होती...

कशीबशी डिस्क नव्या कॉम्प्युटरमध्ये बसवली. फोल्डर उघडला. सगळे नकाशे जागच्या जागी. मी आईला हाक मारणार, तोच शेवटचं नाव दिसलं.

घर-६२.

तारीख आजची. वेळ चार वाजून वीस मिनिटं.

तेव्हा डिस्क माझ्या हातात होती. एकही वायर जोडलेली नव्हती.

फाइल उघडली. सगळं ६१ सारखंच. फक्त माझ्या खोलीला लागून एक नवी, छोटी खोली. खिडकी नाही. दार नाही.

आई मागे कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही.

"६१ देऊ या मिस्त्रींना," मी म्हणाले. "आई, प्लीज."

"त्यांनी उठता उठता केलंय," ती म्हणाली. "हेच बांधायचं."

मिस्त्रींनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "ताई, या खोलीचं दार राहिलंय की."

"राहू दे," आई शांतपणे म्हणाली. "सांगतील ते."

त्याच संध्याकाळी डिस्क काढून मी कपाटात कुलपात ठेवली. काल मिस्त्रींना दुसरी प्रत हवी होती, म्हणून परत जोडली.

शेवटची फाइल... घर-६३.

दार आलंय. नकाशात दाराचं पाव वर्तुळ ज्या बाजूला काढतात, त्या बाजूला ते उघडतं. बाबांनीच शिकवलंय मला.

ते माझ्या खोलीत उघडतं.

मी मुकाट्याने ६२ छापून दिली. ६३ चं आईला बोललेच नाही.

आज शाळेतून आले तर आई म्हणाली, "दार कुठे काढायचं ते सांगितलं बरं का मिस्त्रींना."

"कुठे?"

"तुझ्या खोलीत."

"तुला कोणी सांगितलं?"

आईने नुसतं बाबांच्या खोलीकडे पाहिलं... आणि ताटं घ्यायला लागली.

भिंती कमरेपर्यंत आल्यात. घर पूर्ण व्हायला अजून सहा महिने आहेत. माझा पलंग कुठल्या भिंतीला लावायचा, ते मला काही केल्या ठरवता येत नाहीये.